रेणूची सर्व्हिस बुक

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दर वर्षी प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार अशी मोठी माणसं बोलून जातात. यंदा चिटणीसांनी माझं नाव का घातलं ते त्यांनाच ठाऊक. मी डी.फार्म. झालेला माणूस. बावीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत औषध-भांडार सांभाळतो. गोळ्या मोजणं, इंडेंट भरणं, एक्सपायरी बघणं, एवढंच माझं शास्त्र. म्हणून आधीच सांगतो, आजचा विषय मी कॉलेजात शिकलेलो नाही. तो माझ्या भाचीमुळे आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे मला कळला.

आधी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा स्टॉक रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर गेला. जुन्या नोंदी भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी एक आयटम भरला, ‘पॅरासिटामॉल टॅबलेट ५०० एमजी’. चार दिवसांनी दुसऱ्या वहीतून भरताना तिथे जसं लिहिलं होतं तसंच टाकलं, ‘टॅब. पीसीएम ५००’. कॉम्प्युटरने मुकाट्याने दोन आयटम केले आणि दोन कोड दिले. त्याला काय कळणार! पुढे तापाच्या हंगामात एका कोडवर स्टॉक शून्य झाला. लोकांना आम्ही चिठ्ठी देऊन बाहेरून घ्यायला सांगितलं. आणि दुसऱ्या कोडवर चौदा खोकी पडून होती, एक्सपायरीला तीन महिने राहिलेली. ज्यांनी खिशातले पैसे घालून बाहेरून गोळ्या घेतल्या त्यांत रोजंदारीवाले होते. कारणे दाखवा नोटीस मला आली, आणि ती योग्यच होती.

ही हकिकत मी घरी सांगत होतो तेव्हा भाची आलेली होती. ती पुण्याला बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करते. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, “मामा, तुम्ही जे एका गोळीचं केलंत तेच जगभरचे शास्त्रज्ञ हजारो रेणूंचं करून बसलेत. माझा प्रोजेक्ट त्याच्यावरच आहे.”

मग तिने समजावून सांगितलं ते असं. आपल्या शरीरात हजारो रासायनिक क्रिया एकामागून एक चालतात. अमक्याचं तमकं होतं, तमक्यामुळे तिसरं सुरू होतं, तिसऱ्यामुळे चौथं बंद पडतं. या साखळ्यांना ती मंडळी पाथवे म्हणतात. पूर्वी त्यांचे भिंतीवर लावायचे तक्ते असत, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही एक होता, बाणच बाण. माणूस तक्ता बघून समजून घेतो, पण कॉम्प्युटरला बाण दिसत नाही. त्याला नोंद लागते. जपानात क्योतो विद्यापीठात मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ मध्ये केग नावाचा संग्रह सुरू केला. नंतर रिअॅक्टोम आला, आणखी बरेच आले. प्रत्येकाचा नोंदीचा साचा वेगळा. तेव्हा सगळ्यांची माहिती एकमेकांत देता-घेता यावी म्हणून बायोपॅक्स नावाचा एक सामाईक साचा काही संशोधकांनी मिळून बांधला. त्याची पहिली पातळी २००४ मध्ये आली, दुसरी २००५ मध्ये आणि तिसरी २०१० मध्ये. त्या तिसऱ्या पातळीत मुख्य दुरुस्ती झाली ती एकाच प्रश्नाची, रेणूची नोंद करायची कशी?

हा काय प्रश्न झाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. रेणूचं नाव लिहा, झालं!

भाचीने मला विचारलं, “मामा, इन्शुलिन एक की अनेक?”

मी आपला भांडारवाला. म्हटलं, अनेक. रेग्युलर आहे, एनपीएच आहे, ग्लार्जिन आहे. ती म्हणाली, रेग्युलर आणि एनपीएचमध्ये रेणू कोणता? मी थबकलो. दोन्हींत तोच मानवी इन्शुलिनचा रेणू. एनपीएचमध्ये तो प्रोटामाइनबरोबर बांधून ठेवलेला असतो, म्हणून सावकाश सुटतो. ग्लार्जिनची गोष्ट मात्र निराळी. तिथे रेणूच बदललेला आहे, एका साखळीच्या शेवटी दोन आर्जिनिन जोडलेली आणि दुसऱ्या साखळीच्या टोकाचं एक अमिनो आम्ल बदललेलं. म्हणजे माझ्या कपाटातल्या तीन कुप्यांत रेणू दोनच.

मग ती पुढे गेली. आपल्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होतं ते एकदम इन्शुलिन म्हणून नाही. आधी ११० अमिनो आम्लांची एक लांब साखळी तयार होते. तिच्या सुरुवातीचा २४ चा तुकडा हा जणू गेटपास, आत शिरताना तो कापला जातो. राहतात ८६. ती साखळी घडी होऊन बसते, तिच्यात गंधकाचे टाके पडतात, आणि मग मधला ३१ चा तुकडा कापून बाजूला होतो. जोडावरची दोन-दोन अमिनो आम्लंही निघून जातात. उरतात ३० ची एक आणि २१ ची एक, अशा दोन साखळ्या टाक्यांनी जोडलेल्या. हे झालं इन्शुलिन. तो मधला ३१ चा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. तुमच्यापैकी काहींनी त्याची तपासणी केली असेल. रुग्ण बाहेरून इन्शुलिन घेत असला तरी त्याचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं, कारण कुपीतल्या इन्शुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. आणि तयार झालेलं इन्शुलिन पेशीत साठवलं जातं ते सुटं नाही, सहा-सहाच्या गठ्ठ्यात, मध्ये जस्ताचे दोन आयन धरून.

आता सांगा, यांतलं ‘इन्शुलिन’ कोणतं? जगातल्या प्रथिनांच्या मोठ्या नोंदवहीत, युनिप्रॉटमध्ये, या सगळ्याला मिळून एकच क्रमांक आहे, पी०१३०८. ११० ची साखळी तीच, ८६ ची तीच, सी-पेप्टाइडसुद्धा त्याच क्रमांकाखाली. क्रमांकावर विसंबून एखाद्याने नोंद केली, ‘पी०१३०८ पासून पी०१३०८ तयार होतं’, तर ती खोटी नाही, पण तिच्यातून काही कळतही नाही.

इथे मला आमची सर्व्हिस बुक आठवली. समोर बरीच सरकारी मंडळी बसली आहेत, त्यांना लगेच कळेल. कर्मचाऱ्याची सर्व्हिस बुक एकच. जन्मतारीख, वडिलांचं नाव, शिक्षण, ओळखीची खूण, हे सगळं पहिल्या पानावर, आणि ते बदलत नाही. पण तो माणूस आज कुठे आहे, कोणत्या पदावर आहे, त्याच्याकडे कशाचा चार्ज आहे, रजेवर आहे की निलंबित आहे, हे वेगळं. धार जिल्ह्यात पदस्थापना असलेला मी आणि इंदूरला बदलून आलेला मी, माणूस एकच. पण धारच्या भांडाराच्या चाव्या आज माझ्याकडे मागून उपयोग नाही.

बायोपॅक्सच्या तिसऱ्या पातळीत नेमकं हेच केलं आहे. दोन प्रकारच्या नोंदी. एक मूळ ओळखीची नोंद, म्हणजे सर्व्हिस बुक. प्रथिन असेल तर त्याचा अमिनो आम्लांचा क्रम आणि तो कोणत्या जीवाचा आहे. साखरेसारखा लहान रेणू असेल तर त्याचं सूत्र, रेणुभार, रचना. दुसरी नोंद प्रत्यक्ष हजर असलेल्या रेणूची, म्हणजे तो पेशीच्या कोणत्या भागात आहे, त्याला काही चिकटवलेलं आहे का, तो कापलेला आहे का, कुणाशी बांधलेला आहे का. दुसऱ्या नोंदीतून पहिलीकडे बोट दाखवलेलं असतं, आणि क्रियेत भाग घेते ती दुसरी. एका सर्व्हिस बुकवर अशा पन्नास नोंदी असू शकतात.

आधीच्या पातळीत ठिकाण आणि बदल लिहायची सोय होती, पण ती प्रत्येक क्रियेच्या आत, त्या क्रियेपुरती. पहिल्या क्रियेतून बाहेर पडलेला रेणू आणि दुसऱ्या क्रियेत आत शिरणारा रेणू एकाच अवस्थेतला आहे की नाही, हे सरळ कळायचंच नाही, प्रत्येक वेळी जुळवून बघावं लागायचं. जसं प्रत्येक हजेरीपटावर माणसाचं वर्णन पुन्हा नव्याने लिहावं, आणि महिनाअखेरीस दोन पटांवरचा इसम एकच आहे का, यावर कारकुनाने डोकं खाजवावं.

एक गोष्ट तर मला फारच आवडली. आपल्या कार्यालयात एखादा रकाना रिकामा सोडला तर साहेब फॉर्म परत पाठवतात. माहिती नाही का? मग ‘निरंक’ लिहा. रिकामा आणि निरंक यांत फरक आहे, हे आपण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकतो. बायोपॅक्समध्येही तसंच आहे. प्रथिनाला फॉस्फेट लागलेलं आहे, असं लिहिता येतं. फॉस्फेट नक्की लागलेलं नाही, असंही वेगळं लिहिता येतं. आणि काहीच लिहिलं नाही तर अर्थ ‘नाही’ असा धरायचा नाही, माहीत नाही असा धरायचा. भाची म्हणते, नवी मुलं इथेच सगळ्यात जास्त चुकतात. मी तिला म्हटलं, त्यांना सहा महिने आमच्या कार्यालयात पाठव!

आता चिकटवण्याचं म्हणालो, तर इथे निम्म्या घरांना माहीत असलेलं उदाहरण देतो. एचबीए१सी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी. ती मोजते काय? रक्तातलं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं, दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा १४१ अमिनो आम्लांची, बीटा १४६ ची. प्रत्येकीत हीम म्हणजे लोह धरणारा एक भाग. रक्तात साखर जास्त राहिली की ग्लुकोज बीटा साखळीच्या अगदी पहिल्या अमिनो आम्लाला, व्हॅलिनला, आपोआप जाऊन चिकटतं. त्याला कोणतं एन्झाइम लागत नाही. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते, तोवर ते चिकटून राहतं. आता नोंदवहीत हिमोग्लोबिन हा एकच गोळा म्हणून लिहिला, तर हे ग्लुकोज टांगायचं कुठे? म्हणून संयुक्त रेणूची नोंद करताना त्याचे भाग आणि प्रत्येक भाग किती, हे सुटं ठेवावं लागतं, आणि बदल भागावर लिहावा लागतो.

याच बीटा साखळीवर सिकलसेलचा दोष असतो. आपल्या मध्य प्रदेशात हा काही पुस्तकी आजार नाही. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली ती आपल्याच राज्यात, शहडोलला. तपासणीची कार्डं, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल ही आमच्या रोजच्या कामातली नावं आहेत. दोष एवढाच, एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. पण जागा कितवी? जुन्या पुस्तकांत, डॉक्टरांच्या तोंडी, सहावी. नव्या जनुकीय अहवालात सातवी. दोन्ही बरोबर! साखळी बनते तेव्हा सुरुवातीला एक मेथिओनिन असतं, ते नंतर काढून टाकलं जातं. ते धरून मोजलं तर सात, सोडून मोजलं तर सहा. माणूस हे समजून घेतो. कॉम्प्युटरसमोर मात्र एका संग्रहातून सहा आणि दुसऱ्यातून सात आलं, की तो दोन वेगवेगळे दोष मांडून बसतो. नोंद करणाऱ्याने मोजणी कुठून सुरू केली ते लिहिलं नसेल, तर पुढच्याने काय करावं?

ठिकाणाबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथे ती नोंद कुणाच्या तरी मुलाच्या जिवाशी जाऊन पोचते.

आपण जेवलो की ग्लुकोज पेशीत शिरतं. शिरल्याबरोबर त्याला एक फॉस्फेट चिकटवलं जातं, मग ते ग्लुकोज-६-फॉस्फेट होतं आणि आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाही. उपाशी असताना उलटा प्रकार लागतो. यकृताने ते फॉस्फेट काढायचं आणि मोकळं ग्लुकोज रक्तात सोडायचं. हे काढणारं एन्झाइम पेशीत मोकळं फिरत नाही. पेशीच्या आत पडद्यांचं एक जाळं असतं, आंतरद्रव्य जालिका म्हणतात त्याला, त्याच्या आतल्या बाजूला ते बसलेलं असतं. म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटला आधी त्या खोलीत नेऊन सोडणारा एक हमाल लागतो, आणि मग एन्झाइम.

एन्झाइम बिघडलं की मूल काही तास उपाशी राहिलं तरी त्याची साखर खाली जाते, यकृत मोठं होतं. या आजाराला ग्लायकोजेन साठवणीचा पहिला प्रकार, अ, म्हणतात. हमाल बिघडला तरी हेच सगळं होतं, शिवाय मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात आणि त्याला वारंवार संसर्ग होतो. हा झाला ब. आता ज्या साच्यात ठिकाण लिहायची सोय नाही, तिथे हमालाची क्रिया लिहायची कशी? ‘ग्लुकोज-६-फॉस्फेटचं ग्लुकोज-६-फॉस्फेट झालं.’ अशी नोंद कुणीही चूक समजून खोडून टाकील, आणि तिच्याबरोबर ब प्रकारचा आजारही नकाशातून पुसला जाईल. म्हणून रिअॅक्टोममध्ये प्रत्येक रेणूच्या नावापुढे तो कुठे आहे हे लिहिलेलं असतं, आणि पेशीद्रवातलं ग्लुकोज-६-फॉस्फेट व जालिकेतलं ग्लुकोज-६-फॉस्फेट या दोन नोंदी असतात. एसबीएमएल म्हणून गणिती मॉडेलं लिहायची एक भाषा आहे, तिथेही रेणूला खोली दिल्याशिवाय नोंदच होत नाही.

या आजाराची पुढची कथा तर मला कादंबरीसारखी वाटली. पांढऱ्या पेशी का कमी पडतात ते बरीच वर्षं कोडं होतं. २०१९ मध्ये संशोधनातून पुढे आलं की तो हमाल आणखी एका रेणूला आत नेतो. तो रेणू दिसायला अगदी ग्लुकोजसारखा, फक्त एका ठिकाणचा ऑक्सिजन नसलेला. १,५-अॅनहायड्रोग्लुसिटॉल त्याचं नाव, आणि तो आपल्या जेवणातूनच येतो. हमाल नसला की त्याचं फॉस्फेट लागलेलं रूप पांढऱ्या पेशीत साचतं आणि पेशीला विष होतं. मग डॉक्टरांनी विचार केला, हा रेणू लघवीवाटे बाहेर घालवता आला तर? त्यासाठी औषध आधीच दुकानात होतं. एम्पाग्लिफ्लोझिन. हो, मधुमेहाचं! तुमच्यापैकी काहीजण ते सकाळी घेतात. २०२० मध्ये ते काही रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्यांच्या पांढऱ्या पेशींचं काम सुधारलं. ‘ग्लुकोजसारखंच काहीतरी’ म्हणून तो रेणू ग्लुकोजच्याच रकान्यात ढकललेला असता तर हे धागे जुळले नसते.

गटवार नोंदीबद्दल दोनच वाक्यं. पुस्तकात लिहितात, ‘अल्कोहोलचं अल्डिहाइड होतं’, म्हणजे एका एन्झाइमखाली अल्कोहोलची सगळी जात आली. पण इथाइल गेलं तर आधी नशा आणि नंतर डोकेदुखी, आणि मिथाइल गेलं तर त्याचं फॉर्मिक आम्ल होऊन आंधळेपण आणि मृत्यू, विषारी दारूच्या बातम्या आपण वाचतोच. एन्झाइम एकच असल्यामुळे मिथाइलच्या विषबाधेत रुग्णालयात इथाइल देऊन ते एन्झाइम अडवून ठेवतात, म्हणजे जात लिहायलाच हवी आणि जातीतली माणसंही नावानिशी लिहायला हवीत.

आता नावांकडे येतो, म्हणजे माझ्या पॅरासिटामॉलकडे. रेणूंच्या नावांसाठी इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ चेबी नावाची एक मोठी नोंदवही चालते. त्यात पाण्याला क्रमांक १५३७७ आहे. आपल्या पेशींची ऊर्जा ज्यात असते त्या एटीपीला १५४२२. पण तिथेच आणखी एक क्रमांक आहे, ३०६१६, तोही एटीपी, फक्त चार ऋण भार असलेला. पेशीत एटीपी बहुतांशी भारित अवस्थेतच असतं, म्हणून क्रियांचे हिशेब नीट जुळवणारे संग्रह ३०६१६ लिहितात. काहीजण सवयीने १५४२२ लिहितात. दोन्ही माहिती एकत्र केली की काय होतं ते तुम्हीच सांगा. एक पॅरासिटामॉल, एक पीसीएम. एका एटीपीवर संपणारी साखळी दुसऱ्या एटीपीपासून सुरू होणाऱ्या साखळीला भेटतच नाही.

ग्लुकोजचंही तसंच. पाण्यात विरघळलं की त्याचे दोन आकार एकमेकांत बदलत राहतात, साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा. केगमध्ये साध्या डी-ग्लुकोजला सी०००३१, अल्फाला सी००२६७, बीटाला सी००२२१. घरच्या ग्लुकोमीटरच्या बऱ्याच पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज असतं, ते फक्त बीटा ओळखतं. म्हणजे आकार लिहायचा की नाही याला एक उत्तर नाही. काम काय आहे त्यावर ते ठरतं. माझं मत असं, की जितकं नक्की माहीत आहे तितकं बारीक लिहावं, आणि वरच्या सामान्य नोंदीशी दुवा ठेवावा. भाची म्हणते, मामा, तुम्ही सरकारी आहात म्हणून तुम्हाला सगळ्याला दुवा लागतो.

एटीपी सगळीकडे असतं, ही आणखी एक अडचण. दहाच्या नोटेसारखं. पोहेवाल्याकडे जी नोट गेली ती पुढे भाजीवाल्याकडे गेली, म्हणून पोहेवाला आणि भाजीवाला यांचं काही नातं लागत नाही. पण कॉम्प्युटरला दोन रेणूंमधली जवळची वाट शोधायला सांगितली की तो एटीपीवरून किंवा पाण्यावरून उडी मारतो आणि कशाचाही कशाशी संबंध जोडतो. म्हणून पुष्कळजण असे सर्वव्यापी रेणू नकाशातून काढूनच टाकतात. सोपा उपाय. मलाही पटला होता.

पण मावशीची गोष्ट आठवली आणि मग पटेना.

माझी धाकटी मावशी, वय चौऱ्याहत्तर. मधुमेह. एका डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दिलं होतं, एका ब्रँडच्या नावाने. गुडघ्यासाठी दुसरीकडे गेली, तिथे साखर तपासली, जास्त निघाली, आणि त्यांनी मेटफॉर्मिनची एक कॉम्बिनेशन गोळी लिहिली, वेगळ्या ब्रँडची. त्या कॉम्बिनेशनमध्ये दुसरं काय होतं? ग्लिमेपिराइडच. नावं निराळी, पट्टीचे रंग निराळे. मावशीने मनोभावे दोन्ही घेतल्या. त्यात चतुर्थीचा उपास. दुपारी मावसभावाचा फोन आला, “दादा, आई काहीतरी असंबद्ध बोलतेय, घामाने भिजलीय.” मी म्हटलं, आधी साखरेचं पाणी पाज, मग बाकीचं. मी पोचलो तेव्हा मीटरवर ५२ होती, आणि ती साखर पाजल्यानंतरची. रात्रभर रुग्णालयात ठेवावं लागलं, कारण या गोळीचा असर तासन् तास राहतो आणि साखर पुन्हा पुन्हा खाली जाते. मावशी वाचली. आजही समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी तिचं वय सांगितल्याबद्दल रागावून बघते आहे.

ती गोळी काय करते? इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीवर पोटॅशियमची एक खिडकी असते. चार तुकडे एका प्रथिनाचे, चार दुसऱ्याचे, मिळून आठ. ग्लुकोज पेशीत जळलं की एटीपी वाढतं, ते एटीपी खिडकीच्या आतल्या चार तुकड्यांवर जाऊन बसतं, खिडकी बंद होते आणि पेशी इन्शुलिन सोडते. ग्लिमेपिराइड दुसऱ्या चार तुकड्यांवर बसतं आणि साखर असो वा नसो, खिडकी बंद करतं. म्हणजे इथे एटीपी ही दहाची नोट नाही. इथे तो स्वतः निरोप घेऊन आलेला माणूस आहे. ‘सगळीकडे असतो’ म्हणून त्याला नकाशातून काढलं, तर मावशीच्या त्या दुपारचं कारणच नकाशात उरत नाही. मी भाचीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर वहीत लिहून घेतलं. म्हणाली, रेणू काढायचा नाही, त्या क्रियेत त्याचा वाटा काय आहे ते बघून ठरवायचं, आणि ते क्रियेच्या नोंदीत लिहायचं. तिच्या प्रोजेक्टच्या एका पानावर तळटीपेत माझं नाव आहे, तेवढी बढाई मला मारू द्या.

आमच्या भांडारातला तो घोटाळा पुढे निस्तरला. प्रत्येक आयटमला औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि प्रकार असा एकच कोड, बाकीची नावं त्याच्याखाली. एकशे बारा जोड्या सापडल्या. त्यांतल्या चार मीच केलेल्या होत्या.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत, आरतीची वेळ झाली. एक करा. मी उद्या आणि परवा संध्याकाळी साडेसहापासून आरतीपर्यंत बाहेर चपलांच्या मांडणीजवळच्या बाकावर बसणार आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात मूळ नाव छापलेलं असतं, ते आपण मिळून वाचू आणि एका कागदावर लिहून काढू. एकच नाव दोनदा आलं तर गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. चष्मा विसरू नका, माझाही नंबर वाढला आहे.